ड्रॉवरमधला निकाल

संघपाल साळवेंनी तेहतीस वर्षं वाळूजच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत दुसऱ्यांची कामं नापास करण्याचा पगार घेतला. हुद्द्याचं नाव क्वालिटी इन्स्पेक्टर होतं, पण ते येताना दिसले की मशीनवरची पोरं एकमेकांना डोळ्यांनीच सांगायची, आले. हातात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणि वरच्या खिशात दोन रंगांची कार्डं. माल बरोबर असला तर हिरवं कार्ड, नसला तर लाल. "साहेब, एवढ्यानं काय होतंय?" असं कुणी म्हटलं की ते शांतपणे लाल कार्डात दोरा ओवायला घेत.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरच्यांचं काय होतं, हे ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनाच विचारावं. पहिल्याच महिन्यात पुंडलिकनगरच्या त्या घरात चपात्यांचा व्यास मोजला गेला. हॉलची एक भिंत काटकोनात नाही, हे चोवीस वर्षांनी उघडकीला आलं. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, तीन आठवडे दम धरला आणि चौथ्या आठवड्यात हात जोडले.

"अहो, कायतरी उद्योग बघा. नायतर मीच कंपनीत जाते अन् म्हणते, आमचा माणूस परत घ्या."

उद्योग संघपालांच्या डोक्यात तयारच होता. जन्मभर दुसऱ्यांनी बनवलेलं तपासलं, आता आपण स्वतः काहीतरी बनवायचं. आणि तेही लोखंडाचं नाही. लोखंडाच्या आणि तेलाच्या वासानं त्यांचं नाक विटलं होतं. लहानपणी सोयगावला शाळेतून येताना ते सुताराच्या दारात रेंगाळायचे, तिथं रंध्याखालून सागवानाची सालपटं निघताना जो वास सुटायचा तो पन्नास वर्षांत डोक्यातून गेला नव्हता. घरी सुतारकामाचं वर्कशॉप काढायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

जागेचा प्रश्न आला. गच्चीवर पत्र्याची एक शेड होती. ती द्वारकाबाईंनी शिवणकामाच्या कमाईतून बांधून घेतली होती. तिथं मुलींचा शिवणक्लास काढायचा त्यांचा बेत होता. कधी मोनालीची, म्हणजे मुलीची, परीक्षा आडवी आली, कधी तिचं लग्न, आणि क्लास राहून गेला. संघपालांनी ती शेड दोन महिन्यांसाठी मागून घेतली. त्या दोन महिन्यांना आता आठवा महिना लागला होता.

आठ महिन्यांत वर्कशॉप मात्र असं उभं राहिलं की बघत राहावं. त्यात अर्धा वाटा फारूखभाईंचा होता. फारूख मिस्त्रींचं रोशनगेटजवळ फर्निचरचं दुकान. साळवेंच्या घराचे दरवाजे त्यांच्याच हातचे, तेव्हापासूनची ओळख. दर रविवारी दोघं जाफर गेटच्या बाजारात जायचे. जुन्या सायकली, कूलरचे पंखे, मोडक्या खुर्च्या असल्या पसाऱ्यात कुठंतरी गोणपाट अंथरून जुनी हत्यारं मांडलेली असत. संघपाल उकिडवे बसून प्रत्येक रंध्याच्या तळाला पट्टी लावून बघायचे आणि मान हलवून खाली ठेवायचे. विकणारा म्हातारा एकदा वैतागून म्हणाला, "घोडी खरीदने आए क्या?" फारूखभाईंनी मात्र एक बाभळीचा रंधा नुसता तळहातात धरला, अंगठा फिरवला आणि संघपालांच्या पिशवीत टाकला.

"इसका तळ वाकडा हाय," संघपाल कुरकुरले.

"सीधा कर लेंगे, साब. ये किसी कारीगर के हाथ का घिसेला है. आपकू शिकवेल."

करवती आल्या, पटाश्या आल्या, गुण्या आला, शिकंजे आले, ड्रिल आलं, एक लहान कटिंग मशीनही आलं. मग संघपालांनी भिंतीवर एक मोठा पांढरा फळा ठोकला. त्यावर प्रत्येक हत्यार लटकवायला खिळा, आणि हत्याराभोवती काळ्या रंगाची रेघ, म्हणजे हत्यार जागेवर नसलं की त्याची रिकामी आकृती दिसावी. कंपनीतली शिस्त. त्यानंतर कामाचं टेबल झालं. ते इतकं भक्कम झालं की त्यावर हत्ती उभा करून रंधा मारता आला असता. मग शिकंजे टांगायला घोडा, पटाश्यांना पेटी, पेटीला झाकण, झाकणाला कडी, ग्राइंडरला स्टँड आणि शेवटी बसून पुढं काय करायचं याचा विचार करायला एक स्टूल.

मार्चच्या एका सकाळी द्वारकाबाई चहा घेऊन वर आल्या. त्यांनी कप टेबलावर ठेवला, फळ्याकडे बघितलं, पेट्यांकडे बघितलं.

"सगळ्या हत्यारांना घरं झाली," त्या म्हणाल्या. "आता आमच्या घराला काय?"

"तयारी चालू आहे."

"आठ महिने तयारी? लग्नाची बी एवढी नव्हती." त्यांनी पदर खोचला. पदर खोचला की विषय गंभीर असतो, हे संघपालांना तेहतीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. "हे बघा, गल्लीतल्या पोरी सुट्टीत क्लास लावायचं म्हणायल्या. मी तुम्हाला बुद्धपौर्णिमेपर्यंत मुदत देते. घरात वापरायला येईल अशी एक वस्तू करा. एक. नाय झाली तर शेड माझी, अन् तुमची हत्यारं रविवारी जाफर गेटला."

"कुठली वस्तू?"

"माझ्या मशीनला टेबल. ड्रॉवरवालं."

संघपाल खाली आले आणि त्यांनी बायकोचं शिलाई मशीन ज्या टेबलावर होतं त्याकडे बघितलं. म्हणजे तसं ते रोजच दिसायचं. पण आज तपासायच्या नजरेनं बघितलं. प्लायवूडचे थर सुटून फुलले होते. एक पाय सुतळीनं बांधलेला होता आणि दुसऱ्याखाली जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा होता. बॉबिन, हूक, खडू सगळं बिस्किटाच्या डब्यात, आणि डबा ठेवायला जागा नाही म्हणून तो मांडीवर. याच टेबलावर शिवलेल्या ब्लाऊजांवर मोनालीचं इंजिनिअरिंग झालं होतं. जगाचा माल नापास करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली ही वस्तू सव्वीस वर्षांत दिसली नव्हती. त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते वर गेले.

पाडलेल्या एका घराच्या जुन्या सागवानी चौकटी फारूखभाईंनी मिळवून दिल्या. संघपालांनी आधी तीन कागदांवर नकाशे काढले. मग कापाकापी सुरू झाली. एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा की शेडमध्ये पापड वाळावेत. पण ते गळ्यात ओला पंचा टाकून दिवसदिवस वरच. जेवायला यायचे, दोन घास खायचे, पुन्हा जिना चढायचे. खाली द्वारकाबाईंचं मशीन चाले, वर करवत चाले. ते तेहतीस वर्षं शिफ्टमध्ये गेले होते, आणि आता घरातल्या घरातच शिफ्टला जाऊ लागले होते. हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

टेबल चांगलं होत होतं, खोटं कशाला बोला. पाय सरळ, सांधे घट्ट. पण त्यांचा खरा जीव ड्रॉवरमध्ये होता. ड्रॉवर आणि त्याचा खण यांच्यात त्यांनी एक दशांश मिलिमीटरची फट ठेवली. एक कागद जेमतेम आत जाईल एवढी. ड्रॉवर ढकलला की आतली हवा बाहेर पडताना फुस्स असा आवाज यायचा, आणि तो ऐकायला संघपाल दिवसातून वीस वेळा ड्रॉवर उघडायचे आणि बंद करायचे.

फारूखभाई बघायला आले. त्यांनी ड्रॉवर ओढला, ढकलला, फुस्स ऐकलं, आणि दाढी खाजवली.

"काम तो एक नंबर हुआ, साब. पण थोडा ढिला करो. आधा सूत तरी सोडा."

सूत म्हणजे सुतारांचं माप, इंचाचा आठवा भाग. संघपालांना या मापाचा पहिल्यापासून राग होता. व्हर्नियरवर जे दिसत नाही ते त्यांच्या लेखी माप नव्हतं.

"अर्धा सूत? दीड मिलिमीटर? फारूखभाई, तेवढ्या फटीतून झुरळ जाईल. आमच्याकडं एवढ्या फरकाला अख्खा लॉट भंगारात जायचा."

"तुमचं लोहा होतं. ये लकडी है, साब. लकडी को हिलने को जागा लगती."

"मेलेलं झाड कशाला हलतंय?" संघपाल म्हणाले आणि त्यांनी पुन्हा एकदा फुस्स करून दाखवलं.

फारूखभाई हसले आणि चहा पिऊन गेले. संघपालांना वाटलं, जुनी माणसं, त्यांच्याकडे मोजायची साधनंच नव्हती.

बुद्धपौर्णिमा सोमवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या दोघांच्या मदतीनं टेबल जिन्यावरून खाली उतरवलं. पॉलिश तेवढं राहिलं होतं. द्वारकाबाईंनी ते नेहमीच्या जागी, म्हणजे हॉलमध्ये कूलरच्या समोर ठेवायला लावलं. मेमध्ये आपल्या या शहरात कूलरसमोरची जागा म्हणजे घरातली राजगादी. मशीनवर बसणाऱ्या बाईची तिथंच मांडामांड होती. त्यांनी टेबलावरून हात फिरवला. खाली वाकून पाय बघितले. ड्रॉवर ओढला, ढकलला.

"फुस्स करतंय," त्या म्हणाल्या.

"करणारच. एक दशांश." संघपालांनी खिशातून कंपनीची दोन कार्डं काढली. निवृत्त होताना उरलेला एक गठ्ठा ते घरी घेऊन आले होते. "हे घे. रीतसर तपासणी कर. मंजूर असलं तर हिरवं, नामंजूर असलं तर लाल. शेरा लिहायचा, सही करायची."

"आत्ता?"

"तू वेळ घे. पण लिहूनच द्यायचं. तोंडी निकाल मी मानत नाही."

द्वारकाबाईंनी कार्डं घेतली आणि आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ लागला. परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत एकच कार्ड होतं, कुठल्या रंगाचं ते दिसलं नाही. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर बंद केला. फुस्स.

"सोमवारी खिरीच्या वेळेला उघडायचं. मोनाली येणार हाय, फारूखभाईंना बी बोलवा. साक्षीदार पाहिजेत. तवर हात नाय लावायचा."

संघपालांनी दोन दिवस हात लावला नाही. तपासणीचा नियम त्यांच्यापेक्षा जास्त कोण पाळणार? पण शनिवारी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं आणि रविवारी जाफर गेटला जायचं त्यांच्या मनात येईना. तिथं आपली हत्यारं गोणपाटावर मांडलेली त्यांना आधीच दिसायला लागली होती. बाभळीचा रंधा हातात घेऊन कुणीतरी पट्टी लावतंय, असंही दिसलं. द्वारकाबाईंच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. त्या कूलरचं पाणी भरत होत्या आणि जुन्या टेबलावर, कोपऱ्यात, शेवटची ब्लाऊजं संपवत होत्या.

सोमवारी सकाळी पांढरे कपडे घालून दोघं विहारात वंदनेला जाऊन आली. पुण्याहून मोनाली पहाटेच्या गाडीनं आली होती. दहा वाजता फारूखभाई आले. घरात खिरीचा वास भरला होता. कूलर घुमत होता. सगळे टेबलाभोवती जमले, मोनालीनं मोबाईल रेकॉर्डिंगला लावला, आणि संघपालांनी हात पुसून ड्रॉवरची मूठ धरली.

ड्रॉवर हलला नाही.

त्यांनी पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. आता टेबल हललं, ड्रॉवर नाही.

"पप्पा, लॉक आहे का?" मोनालीनं विचारलं.

"लॉक बसवलंच नाही."

त्यांनी पाय टेबलाच्या पायाला लावून जोर केला. टेबल त्यांच्यासह एक हात पुढं आलं. साबण लावून झाला, खालून ठोकून झालं, पट्टी घालायला गेले तर पट्टी जाईल एवढी फटच उरली नव्हती. फारूखभाई खिरीची वाटी घेऊन सोफ्यावर बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"शुक्रवारी एक दशांश फट होती!" संघपाल व्हर्नियर उघडून ओरडले. "मी स्वतः मोजली!"

फारूखभाईंनी चमच्यानं नुसतं कूलरकडे दाखवलं.

कूलर समोरून ओला गारवा फेकत होता. शुक्रवारपासून दिवसरात्र, थेट त्या बिनपॉलिशच्या टेबलावर.

"तीन दिन से लकडी पानी पी रही, साब. वरती शेड में भट्टी, सूख के पापड झाली होती. इथं आली, फुगली. मेलेलं झाड हलतं का नै?"

"व्हय की," द्वारकाबाई म्हणाल्या. "सुती कापड न भिजवता शिवलं तर धुतल्यावर अंगाला येत नाय, तसंच हे. आम्ही ब्लाऊजच्या शिवणीत आत जास्तीच्या कापडाची माया सोडतो. बाई आज आहे तशी उद्या राहील असं कुठं हाय?"

संघपालांनी कपाळाला हात लावला. तेहतीस वर्षं ज्या मालाला त्यांनी माप लावलं तो माल कूलरसमोर ठेवला काय आणि उन्हात ठेवला काय, तेवढाच राहायचा. म्हणजे अगदी तेवढा नाही, पण हिशेबातला. इथं घरातल्या कूलरनं त्यांचा निकाल लावला होता, आणि खरा निकाल आत अडकून बसला होता.

"द्वारका, तू काय लिहिलंस ते सांगून टाक."

"नाय. तोंडी चालत नाय. तुमचाच नियम."

"मम्मी, हिंट दे ना," मोनाली म्हणाली.

"हिंट बी नाय."

पुढची फळी फोडली असती तर ड्रॉवर निघाला असता. संघपालांनी पटाशी आणली, फळीवर टेकवली, आणि त्यांचा हात उचलेना. महिनाभर त्या फळीशी त्यांनी गुजगोष्टी केल्या होत्या. फारूखभाईंनी त्यांच्या हातातून पटाशी काढून घेतली.

"फोडनेका कायकू? वरती न्या. जिथं सुकली होती तिथंच सुकेल. चार-पाच घंटे थांबा."

मग टेबल पुन्हा जिन्यावरून वर गेलं. एका बाजूला फारूखभाई, दुसऱ्या बाजूला संघपाल, मागून मोनाली सूचना देत. शेडमध्ये दार सरळ उघडं ठेवून टेबल उन्हाच्या पट्ट्यापासून जरा आत ठेवलं. फारूखभाई नमाजला जाऊन परत येतो म्हणाले. मोनाली घाम पुसत खाली पळाली. संघपाल स्टुलावर बसून राहिले.

थोड्या वेळानं द्वारकाबाई वर आल्या. हातात ताकाचे दोन पेले, काखेत हात-शिलाईचं एक ब्लाऊज. त्या कामाच्या टेबलावर टेकल्या. चहाचा कप ठेवून लगेच खाली जायचं, एवढीच त्यांची या शेडमधली हजेरी होती. बसल्या अशा आज पहिल्यांदा.

"हे काय असतंय?" त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

संघपाल सांगायला लागले. हा गुण्या, काटकोनासाठी. हा शिकंजा, लाकूड आवळून धरायला. हा रंधा, जाफर गेटचा. त्यांनी एका फळीवर रंधा मारून दाखवला. लांब सालपट निघालं, गोल गोल वळत त्यांच्या मनगटावर आलं. द्वारकाबाईंनी ते उचलून वास घेतला.

"छान येतोय वास," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्ही वर नुसतं ठोकत बसता."

त्या हेम घालत राहिल्या, ते रंधा मारत राहिले. अधूनमधून बोलणं होत होतं. मोनाली वाळलीय, खिरीत वेलदोडा जास्त झाला, असलं काहीबाही. पत्रा कडकडत होता, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि संघपालांना मध्येच जाणवलं की आठ-दहा महिन्यांत इतकं बरं त्यांना या शेडमध्ये कधी वाटलं नव्हतं. एवढी हत्यारं जमवून जे जमत नव्हतं ते आज कशानं जमलं, याचा त्यांनी फार विचार केला नाही. पण मग त्यांची नजर बंद ड्रॉवरवर गेली आणि ते उठले.

त्यांनी गठ्ठ्यातून एक लाल कार्ड काढलं, पेननं लिहिलं, दोरा ओवला आणि ड्रॉवरच्या मुठीला बांधलं.

"हे काय करायलात?" द्वारकाबाईंची सुई थांबली.

"आत तू काय लिहिलंय मला माहीत नाही. हिरवं असलं तरी ते शुक्रवारचं आहे. तेव्हा दोष दिसला नव्हता. जो ड्रॉवर वापरणाऱ्या माणसाला उघडता येत नाही, तो नापास. फारूखभाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." त्यांनी दोऱ्याची गाठ घट्ट केली. "मुदत आज संपली. शेड तुझी. क्लास चालू कर. मी हत्यारं आवरतो."

द्वारकाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा सुई चालू केली.

चार वाजता फारूखभाई आले, पाठोपाठ मोनाली मोबाईल घेऊन आली. फारूखभाईंनी लाल कार्ड वाचलं आणि भुवया उंचावल्या. त्यांनी मुठीला धरून ड्रॉवर आधी डावीकडे, मग उजवीकडे, एखाद्या झोपलेल्या पोराला हलवावं तसा हळू हलवला. तिसऱ्या खेपेला कर्र झालं. चौथ्या खेपेला ड्रॉवर बाहेर आला.

आत एकच कार्ड होतं. हिरवं.

संघपालांनी ते उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले, आणि तो पुसून काही संपेना.

"पप्पा, वाचा ना मोठ्यानं." ते वाचत नाहीत असं बघून मोनालीनंच कार्ड हातातून घेतलं. आईचं अक्षर ठसठशीत होतं. ब्लाऊजची मापं लिहून लिहून घडलेलं.

"टेबल मंजूर," मोनालीनं वाचलं. "शेड पण मंजूर. अट एकच. टेबल मशीनसकट वर शेडमध्ये न्यावं. क्लास पण तिथंच घेईन, अर्ध्या जागेत. कंपनी सुटली तरी तुम्ही घरी आले नाहीत. तुम्ही वर, मी खाली. एकटीला करमत नाही. सही, द्वारका संघपाल साळवे."

फारूखभाईंना एकदम कोपऱ्यातली फळी बघावीशी वाटली. ते पाठ फिरवून तिची जाडी चाचपू लागले. मोनालीचं रेकॉर्डिंग बंद पडलं होतं, की तिनंच बंद केलं होतं, कोण जाणे.

"तोंडानं सांगायचं होतंस," संघपाल म्हणाले.

"तोंडी तुम्ही मानत नाय म्हणले."

संघपालांनी मुठीला बांधलेलं लाल कार्ड सोडायला हात लावला, मग थांबले.

"पण इथं उन्हाळ्यात तू बसशील कशी? आज चार तासात आपली काय अवस्था झाली बघ."

"त्यात काय? खालचा कूलर वर आणायचा."

सगळ्यांनी एकदम ड्रॉवरकडे बघितलं.

संघपालांनी एक लांब श्वास सोडला. फळ्यावरून बाभळीचा रंधा काढला, ड्रॉवर कामाच्या टेबलावर आडवा घातला, शिकंज्यात आवळला. व्हर्नियर खिशात होता; तो त्यांनी काढला नाही.

"फारूखभाई, किती काढू?" त्यांनी विचारलं. दहा महिन्यांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता.

"आधा सूत बस है, साब."

"एक काढा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पुढं पावसाळा बी हाय."

फारूखभाईंनी हात वर केले. "भाभी बोल्या तो बोल्या."

संघपालांनी एक सूत काढलं. पहिल्या चार हातांना त्यांचा जीव तुटत होता, मग सालपटांचा वास सुटला आणि हात आपोआप चालायला लागला. ड्रॉवर परत बसवला तेव्हा तो बोटाच्या एका टोकानं आत गेला. फुस्स झालं नाही. नुसतं ठक् असं वाजलं. द्वारकाबाईंनी तीनदा उघडून बंद करून बघितला, लाल कार्ड सोडलं आणि बिस्किटाच्या डब्यातलं सगळं सामान खालून आणवून ड्रॉवरमध्ये ओतलं. मशीन वर येईपर्यंत ऊन उतरलं होतं.

सामानात शिवणकामाची मोठी कात्री होती. ती ड्रॉवरमध्ये लांबीला बसेना. द्वारकाबाईंनी इकडं तिकडं बघितलं आणि फळ्यावर, गुण्याच्या शेजारी, एका रिकाम्या खिळ्याला अडकवून दिली. शेडच्या शिस्तीत हे बसत नव्हतं. आकृती नसलेली वस्तू फळ्यावर टांगायची नाही, असा नियम होता. मोनालीनं बापाकडे बघितलं.

संघपालांनी काळ्या रंगाची डबी उघडली, ब्रश बुडवला आणि कात्रीभोवती रेघ ओढायला सुरुवात केली. बाकीच्या हत्यारांच्या रेघा अगदी अंगाला चिकटून होत्या. ही त्यांनी कात्रीपासून जरा लांबून, चांगली सूतभर जागा सोडून काढली.